सप्तमीच्या भरतीत चार चाकं

हँडलच्या उजव्या मुठीजवळ, अंगठा आपोआप जाईल अशा जागी, एक छोटी दांडी असते. ती हॉर्नची असणार असं मी ठरवलं, कारण समोर सासूबाईंची कोंबडी उभी होती आणि मला त्या क्षणी हॉर्नच हवा होता. दांडी दाबली. आवाज आला नाही, गाडी निघाली. कोंबडी अनुभवी होती, ती बाजूला झाली. मी आणि गाडी अंगण ओलांडून पेंढ्याच्या उडवीत शिरलो, आणि गाडीचं नाक पलीकडच्या बाजूने बाहेर आलं तेव्हा कुठे माझा अंगठा दांडीवरून सुटला.

"भावोजी," उडवीच्या बाहेरून मेहुणा म्हणाला, "ती रेस हाय. या गाडीला हॉर्न नाय."

"मग कोंबडी आडवी आली तर काय करायचं?"

"थांबायचं."

हे मला सुचलं नव्हतं. थांबणं मला सहसा सुचत नाही.

नवं शतक सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बायकोचं माहेर जूचंद्रला, मिठागरवाल्यांचं घर. मिठागर केव्हाच बंद पडलं होतं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सातिवलीच्या एका कारखान्यात बारा वर्षं फिटर होता. त्या दिवाळीत त्याने नोकरी सोडली आणि कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या दोन जुन्या एटीव्ही घरी आणल्या. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखी सीट, मधे उघडं इंजिन, आणि रेडा चिखलात बसून उठल्यावर दिसतो तसं एकूण रूप. एक गाडी फक्त मागच्या चाकांवर चालायची, दुसरी चारही चाकांवर.

त्याचा बेत सोपा होता. बंद मिठागराशेजारच्या त्यांच्या शेतात खाडीचं पाणी पंपाने सोडायचं, मांडीएवढा चिखल करायचा आणि मुंबईच्या लोकांना त्यातून गाडी चालवू द्यायची.

सासूबाईंना हे समजावून सांगायला त्याला दोन दिवस लागले.

"चिखलान जावाला पैसे देतान?" त्या पुन्हा पुन्हा विचारत. "आमचा जनम गेला पायाचा चिखल धुन्यात, आमाला कोनी काय दिला नाय."

अखेर त्यांनी होळीपर्यंत मुदत दिली. कारखान्याच्या शेठनेही तेवढीच दिली होती: होळीपर्यंत जमलं नाही तर परत ये, तुझी जागा आहे. मेहुण्याला ती जागा नको होती. बारा वर्षं त्याने छपराखाली एकाच यंत्रासमोर काढली होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. पहिलं बुकिंग आलं ते मुंबईतल्या एका ऑफिसचं, बावीस माणसं, पुढच्याच्या पुढच्या शनिवारी. दोन चाकांवर चालणारी गाडी त्याच्या स्वतःच्या चिखलात रुतायची, त्यामुळे सगळी मदार चार चाकांवर चालणाऱ्या गाडीवर होती. ती बिघडली असती तर शनिवार गेला असता, आणि शनिवार गेला असता तर तो परत यंत्रासमोर.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं सांगताना जरा लाज वाटते.

माझं वय तेव्हा त्रेचाळीस. त्या वर्षी मला काय झालं होतं कोण जाणे, बूड एका जागी टेकत नव्हतं. ऑफिसात खुर्चीत बसलो की पाय हलायचा, इतका की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या कपातला चहा डुचमळायचा. रविवारी वसईच्या आमच्या दोन खोल्यांत मी फ्रीज या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत असे. त्या वर्षी हार्मोनियम शिकलो, तीन आठवडे. कुंडीत वडाचं झाड लावलं, ते मेलं. पोहायला जायला लागलो, पाणी कानात गेलं. बायको बँकेत. ती दिवसभर लोकांच्या सह्या तपासून घरी यायची आणि मला भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावताना बघायची. म्हणायची, "अहो, तुम्ही जरा बसा." मी बसायचो आणि उठायचो, बहुधा एकाच हालचालीत.

तर उडवीतून निघाल्यावर मेहुण्याने मला गाडी शिकवली. रेस अंगठ्याने हलकी द्यायची. चिखलात थांबायचं नाही आणि घाईही करायची नाही. हँडल उगाच वळवायचं नाही. डाव्या हाताला बटण आहे, ते दाबलं की पुढची चाकंही ओढायला लागतात. मी ते बटण दाबून त्याच्या तयार चिखलात उतरलो, आणि खरं सांगतो, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायांना शांत वाटलं. गाडी आधी खाली बसते, मग चारही चाकांनी चिखल चावायला लागते. पोटाखालून गुरगुर येते. कानामागे, चष्म्यावर, खिशात चिखल. पलीकडे चढून वर आलो तेव्हा मी हसत होतो, आणि दात सोडून माझं काहीच दिसत नव्हतं.

"शेतात पाहिजे तेवढ्या फेऱ्या मारा," मेहुणा म्हणाला. "बांधापलीकडं नको. तिकडं खाजण हाय."

खाजण म्हणजे बांध आणि खाडी यांच्यामधली दलदल. भरतीचं पाणी तिथे येतं आणि जातं. तिवरं, खेकडे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. "बरं," मी म्हणालो.

आठवडाभर मला गाडीशिवाय काही सुचलं नाही. ऑफिसात टेबलाखाली अंगठा हलका दाबून बघत होतो. तयार चिखल चार-पाच फेऱ्यांत पाठ झाला होता. मला बांधापलीकडचं ते मोकळं, सपाट, राखाडी काहीतरी दिसत राहिलं. आणि मी अभ्यासाला लागलो. भरती-ओहोटीचं गणित सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती वेळ. येत्या रविवारी सप्तमी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात खात्री केली. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे सव्वापाचपर्यंत पाणी मागे जाणार. तीन वाजता गेलो तर दोन तास हातात.

गणित बिनचूक होतं. फक्त उत्तर भरतीचं येतं, ओहोटीचं नाही, हे मी अठरा वर्षांत विसरलो होतो.

रविवारी जेवणं झाली. मेहुणा एक नळी जोडून आणायला सातिवलीला गेला होता. बायको आणि सासूबाई ओटीवर सोडे निवडत होत्या. मी आधी अंगणात सात फेऱ्या मारल्या, मग खिळ्यावरची किल्ली काढली.

"कुठे?" बायकोने मान वर न करता विचारलं.

"शेतात. एक फेरी."

तीन फेऱ्या मारल्या. मग बांधावर चढलो, नुसतं बघायला. पलीकडचं खाजण उन्हात पडलं होतं आणि त्याला भेगा पडल्या होत्या. मी देशावरचा, काळ्या रानातला. आमच्याकडे भेगा पडल्या म्हणजे जमीन वाळली, आता भरली बैलगाडी घाला. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते माझ्या टाचांना ठाऊक होतं. चिखल काय असतो ते या किनाऱ्याच्या लोकांनी मला सांगावं, असं मला कधीच वाटलं नव्हतं. बटण दाबलं, अंगठा हलका ठेवला आणि बांधाची उतरण उतरलो.

चाळीस-पन्नास पावलं गाडी झोकात गेली. भेगांच्या पापुद्र्याचा कुरकुर आवाज यायचा, पापड मोडल्यासारखा. मग पापड संपला.

आधी पुढची चाकं गेली. मी घाबरून अंगठा पुरता दाबला. दोन चाकांची गाडी रुतली तर निदान मागूनच रुतते. माझी चारही कोपऱ्यांत विहिरी खणायला लागली. इंजिनाच्या पोटापर्यंत गेल्यावर थांबली. मी उतरलो आणि मांडीपर्यंत आत गेलो. पाय वर आला, बूट आला नाही. खाजणाच्या भेगा म्हणजे वरची साय असते, खाली सगळं पातळ, हे मला त्या बुटाच्या किमतीत कळलं.

तरी मी शांत होतो. सव्वापाचपर्यंत पाणी मागेच जाणार होतं. पोटावर सरपटत बांधाकडे निघालो. वाटेत एक अरुंद ओहोळ होता, त्यात तिवराचं पान तरंगत होतं. ते पान खाडीकडे जायला हवं होतं. ते माझ्याकडे येत होतं.

मी तिथेच पोटावर पडून ते पान पाहत राहिलो. आणि सासूबाईंचं वाक्य मला अख्खं आठवलं, शेवटच्या शब्दासकट.

खिशातला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता, तेवढी अक्कल शिल्लक होती. बायकोला फोन लावला.

"अगं, भरती सव्वापाचला का ओहोटी?"

"गाडी कुठे आहे?"

"बांधापलीकडे."

"तुम्ही?"

"मी पण."

फोन बंद झाला. दहा मिनिटांत ती बांधावर आली, सलवार गुडघ्यावर खोचून, मागे सासूबाई. पाठोपाठ मेहुण्याची मोटरसायकल. तो बांधावर उभा राहिला. गाडीकडे बघितलं, ओहोळाकडे बघितलं. मी म्हणालो, "अरे, माझी चूक झाली, मला वाटलं..." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त नवीन जोडून आणलेली नळी हातात फिरवत होता. खारं पाणी इंजिनात गेलं की काय होतं ते फिटरला सांगावं लागत नाही.

मग त्याने दुसरी गाडी बांधावर आणली, दोर बांधला, ओढून पाहिलं. ती जागच्या जागी फिरली आणि बांधाची माती उडवू लागली. दोनदा केलं. तिसऱ्यांदा सुरू करणार तेवढ्यात बायको म्हणाली, "बंद कर. बांध फोडशील."

"मग काय करू?" तो म्हणाला. "अर्ध्या तासात पानी येल."

"येऊ दे. गाडी नाय काढाची. पानी अडवाचा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. अठरा वर्षं ती माझ्याशी आणि माझ्या आईशी नीट छापील बोलत आली होती. चिखलात उतरताना तिने ते बांधावरच ठेवलं असावं.

"भांगाची भरती हाय," ती भावाला सांगत होती, "सप्तमीचा पानी, उधानाचा नाय. मांडीच्या वर येनार नाय. गाडीला बांध घाल. बाबा घालायचे तसा."

मेहुण्याचा चेहरा बदलला. तो पळाला, दोन फावडी, घमेलं, पत्र्याचा डबा, घराचं एक जुनं लाकडी दार आणि उडवीतला पेंढा घेऊन आला. आणि मग त्या तिघांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मेहुणा बांधाच्या पायथ्याचा घट्ट चिखल फावड्याने विटेसारखा कापायचा. सासूबाई त्या विटा जुन्या दारावर रचून, दार चिखलावरून घसरत पुढे ढकलायच्या. माझ्यासारख्या त्या रुतत नव्हत्या, पोटऱ्यांपर्यंतच जात होत्या. पाय कधी टाकायचा आणि कधी काढायचा ते त्यांच्या पायांना माहीत होतं. बायको गाडीभोवती गोल करून विटा बसवत होती: एक थर चिखल, वर पेंढा, वर चिखल, आणि तळव्याने थापटून बंद. मिठागराचे बांध असेच घालतात. आत समुद्र येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. ती नऊ वर्षांची असल्यापासून हे करत होती, आणि मी तिला बँकेत सह्या तपासणारी बाई समजत होतो.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मधे येऊ नका."

मी दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे करू लागलो. चिखलात दहा पावलांना पाच मिनिटं लागतात, पण येरझारा त्या येरझारा.

"जावयबुवा," सासूबाई दार ढकलत म्हणाल्या, "तुमी चाललाव का रुतलाव, आमाला कलंना."

पाणी आलं तेव्हा आवाज झाला नाही. साडेचारच्या सुमारास भेगा एकेक करून काळ्या झाल्या, मग चकाकल्या, मग दिसेनाशा झाल्या. बांध तोवर मांडीएवढा झाला होता. मी गाडीशेजारी, बांधाच्या आत, डबा घेऊन उभा होतो. झिरपेल ते पाणी बाहेर टाकायचं, एवढं काम मला मिळालं होतं. झिरपत होतं त्यापेक्षा मी जास्त जोरात उपसत होतो. आणि अचानक माझ्या पायाजवळ बुडबुडे आले. पाणी खालून येत होतं. डबा पुरेना.

"खेकड्याचं बीळ," बायको बांधापलीकडून म्हणाली. तिचं छापील बोलणं परत आलं होतं, म्हणजे ती माझ्याशी बोलत होती. "बांधाच्या खालून गेलंय. पायाने चाचपा."

चाचपलं. टाचेला भोक लागलं. तिने पेंढ्याचा बोळा दिला, तो कोंबला. पाण्याने तो बाहेर फेकला. पुन्हा कोंबला.

"त्यावर टाच ठेवा. सगळं वजन त्या पायावर. आणि हलू नका."

"किती वेळ?"

"पाणी फिरेपर्यंत."

पाणी सव्वापाचला फिरणार होतं, आणि टाचेखालून ओसरायला पुढे तास. हे गणित आता मला शेवटच्या शब्दासकट येत होतं.

मी उभा राहिलो. पहिल्या पाच मिनिटांत नाकाला खाज आली, मग पाठीला. मग दुसरा पाय सवयीने हलायला लागला आणि बांधाला चीर गेली. मेहुण्याने गुपचूप ती बुजवली. तो बांधाच्या बाहेर कमरेपर्यंत चिखलाने माखून, पाठ माझ्याकडे करून, विटा थापत होता. त्याच्या पाठीवरून कळत होतं, तो माझी टाच ऐकतोय. ती एक इंच उचलली गेली तर पाणी आत, मग इंजिनात, मग होळी, मग छपराखालचं ते यंत्र. डास आले. टाचेखाली काहीतरी जिवंत होतं. ते बिळाचे मालक असावेत, बाहेर यायची वाट शोधत असावेत. त्यांनी मला दोनदा विचारलं, नांगीने. मी हललो नाही. तोंडाने मात्र आवाज काढला.

"काय झाला?" सासूबाई.

"काही नाही."

पाणी इंजिनाच्या खालच्या कडेच्या वर चार बोटं, पण बांधाच्या बाहेर. आत घोट्याएवढं. सूर्य खाडीपलीकडे खाली गेला, तिवरांत बगळे येऊन बसले. मला वाटलं होतं, माझं डोकं या वेळात फिरेल. पण एकदा केव्हातरी माझ्या लक्षात आलं, बऱ्याच वेळात मी कशाचाच विचार केलेला नाही. फक्त टाच. मग हे लक्षात आल्यामुळे परत खाज सुटली.

सव्वासहाच्या पुढे बायकोने बांधावरून काडी पाण्यात टाकली. काडी खाडीकडे निघाली.

"काढा पाय," ती म्हणाली.

पाय निघाला नाही. मेहुण्याने काखेत हात घालून मला उपटलं. दिवसभरात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "भावोजी, टाच दाखवा." दाखवली. दोन ठिकाणी फुटली होती. तो थोडा वेळ ती टाच बघत राहिला, मग म्हणाला, "हलद लावा." एवढंच.

पाणी ओसरल्यावर त्यांनी ते बीळ चिखलाने पक्कं बुजवलं, आणि बांध पहाटेच्या भरतीतही टिकला. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, शेजारची चार माणसं, दोन फळ्या, लांब दोर आणि या वेळी बांध न फोडता ओढणारी दुसरी गाडी यांनी मिळून रुतलेली गाडी बाहेर काढली. मी ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं होतं. मेहुण्याने प्लग काढला, पुसला, हवेचा फिल्टर उन्हात धरला, परत बसवला. पहिल्या दोन खेपांना गाडी नुसती खोकली. तिसऱ्या खेपेला लागली. तो सीटवर तसाच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून, कुठेही न जाता. सासूबाई ओटीवरून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. त्यांचे डोळे चुलीच्या धुराने लाल झाले होते. चूल पेटलेली नव्हती, चहा गॅसवर झाला होता.

संध्याकाळी घरी बायको माझ्या टाचेवर पट्टी बांधत होती. मी वाट बघत होतो. सव्वा तास एका जागी उभा राहिलो होतो, त्याबद्दल काहीतरी येईल असं वाटत होतं. तिने गाठ मारली, उरलेली पट्टी गुंडाळून डब्यात ठेवली.

"शनिवारी त्याच्याकडे माणूस कमी आहे," ती म्हणाली. "मी सांगितलंय त्याला, हे येतील म्हणून. गाडीला हात लावायचा नाही. बांधावर उभं राहायचं आणि त्या बावीस जणांना सांगायचं, इकडे का उतरायचं नाही ते. आमच्यातल्या कोणाला ते नीट सांगता येणार नाही. आमच्यातलं कोणी कधी गाडी घेऊन उतरलेलंच नाही."